कुंभाराच्या चाकावरच्या टिपऱ्या

उन्हाळ्यात माठ घ्यायला गेलेला माणूस माठ वाजवून बघतोच. बोटाने एक टिचकी मारायची, टणकन वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर ठेवून द्यायचा. मीही वाजवायचो, पण माझं एकावर भागत नसे. एका मडक्यात सा सापडला की गंधाराचं मडकं शोधायची हुरहुर लागे. वाशीममध्ये आमच्या गल्लीच्या टोकाला एक कुंभार राहायचा. वयाने मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणे. एकदा माझी टिचक्यांची फेरी तिसऱ्या रांगेपर्यंत गेल्यावर तो वैतागला. "भाऊ, तुले पानी प्याचं हाय का गानं म्हनाचं हाय? एक काय ते ठरव."

त्या दिवशी मी सात बोळकी घेऊन घरी आलो. सातही सुरात होती. पाण्याचा माठ मात्र आणायचा राहिला. बायकोने सातही बोळकी ओळीने मांडली, कमरेवर हात ठेवले आणि माझ्या मायला मोठ्याने सांगितलं, "आत्याबाई, ह्यायचं काही खरं नाही."

पहिल्या महायुद्धाच्या आधीची ही गोष्ट. मी छापखान्यात चित्रं काढायचो. पंचांगावरचा गणपती, लग्नपत्रिकेवरची केळीची पानं, औषधाच्या बाटलीवरचा सिंह, जे सांगतील ते. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने काढायचं आणि सगळं उलटं काढायचं, कारण कागदावर उतरताना ते सुलटं होतं. दहा वर्षं मी डाव्या हाताचा गणपती उजव्या हाताने काढत होतो. ते पोटाचं काम. जिवाचं काम घरी चाले: पेटीवर भजनाच्या चाली बसवणं, पोळ्याला गावातल्या बैलांच्या झुली रंगवणं आणि ही बोळकी वाजवणं. बायको या सगळ्याला मिळून 'उपद्व्याप' म्हणे. शब्द चुकीचा नव्हता.

त्या उन्हाळ्यात छापखान्यात सिंहाची लेबलं बिघडली. दर कागदावर पिवळा रंग थोडा थोडा सरकला होता. मालकाने गठ्ठा माझ्या अंगावर टाकला आणि घालायच्या तेवढ्या शिव्या घातल्या. मान खाली घालून मी गठ्ठ्याच्या कडेवरून अंगठा फिरवत होतो. कागद फरफर सुटले आणि सिंह हलला! खरंच सांगतो, त्याने आयाळ झटकली. मी पुन्हा अंगठा फिरवला, त्याने पुन्हा झटकली. मालक अजून बोलत होता, आणि मी हसत होतो. माझी नोकरी त्या दिवशी कशी टिकली, देव जाणे.

मग मला दुसरं काही सुचेना. एका यात्रेत तंबूतला बायस्कोप पाहिला होता, तेव्हा ते पडद्यामागचं यंत्र फक्त साहेबाला जमतं असं वाटलं होतं. आता कळलं की ते एका अंगठ्यालाही जमतं. मी चाळणीचा जुना गोल घेतला. त्याला छापखान्यातला जाड पुठ्ठा उभा लावला आणि बाहेरून काळा रंग दिला. पुठ्ठ्यात बारा उभ्या फटी कापल्या. आत फटींच्या खाली बारा चित्रांची पट्टी चिकटवायची, गोल फिरवायचा आणि फटीतून समोरच्या चित्राकडे पाहायचं, म्हणजे चित्र चालू लागतं. पण खिळ्यावर फिरवला की गोल गचके खायचा आणि चित्राला उचकी लागायची.

हे सगळं करताना माझ्या डोक्यात माय होती, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर आमच्याकडे भुलाबाई बसते. रोज संध्याकाळी पोरीबाळी, सासुरवाशिणी, म्हाताऱ्या एकेका घरी जमतात, मातीच्या भुलाबाईपुढे टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात, आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची. माय मेडशीची. माहेरून येताना ती सोनं फारसं घेऊन आली नव्हती, गाणी मात्र खंडीभर घेऊन आली होती. आमच्या गल्लीत ती म्हणायला सुरुवात करे आणि बाकीच्या झेलत. म्हणताना ती डोळे गच्च मिटून घ्यायची, म्हणजे गाणं आतून दिसतं म्हणे.

मग तिचे कान गेले. हळूहळू गेले, म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नाही. आदल्या वर्षी गाणं संपलं, टिपऱ्या थांबल्या, आणि माय एकटी पुढचं कडवं म्हणत राहिली. डोळे मिटलेले, आवाज खणखणीत. एक पोरगी फिसकन हसली, मग सगळ्याच हसल्या. मायने डोळे उघडले तेव्हा समोर नुसती हसणारी तोंडं. ती उठली, पदर सावरला आणि घरी आली. त्यानंतर ती कोणाच्या भुलाबाईला गेली नाही. घरात काम करताना तोंडाशी पुटपुटायची, तेही बंद झालं. मी उजव्या कानाशी ओरडून विचारलं तर म्हणाली, "मले ऐकू येत नाही. मी कायले जाऊ? लोकायले हासाले?"

मला राग आला होता, पण कोणावर काढावा ते कळत नव्हतं. चिडलो की मी चित्र काढतो. तर मनात होतं ते इतकंच: ताल ऐकू येत नसेल, तर तो दिसला पाहिजे.

पोळ्याआधी पावसाची झड लागली. मडकी वाळत नव्हती, कुंभाराचं चाक रिकामं होतं. मी चाळणीचा गोल घेऊन गेलो आणि म्हणालो, "दादा, हा चाकावर बसवून दे." त्याने माझ्याकडे पाहिलं, गोलाकडे पाहिलं, ओल्या मातीचे चार गोळे लावून तो बरोबर मधोमध बसवला आणि चाकाच्या भोकात काठी घालून फिरवलं. काय फिरलं ते! एक गचका नाही. पट्टीवर मी चालता बैल काढला होता. दोघंही फटीला डोळा लावून बसलो.

बैल मागे मागे चालत होता.

कुंभार हसून हसून लोळला. "भाऊ, तुह्या बैलाले सासरा दिसला वाट्टे!" त्याची बायको चुलीपुढून धावत आली, तिनेही पाहिलं आणि तिलाही ठसका लागला. मला काही कळेना. मग उमगलं. कुंभाराचं चाक ज्या बाजूने फिरतं, त्यात डावीकडून उजवीकडे काढलेली चित्रं शेवटापासून पहिल्याकडे येतात. जन्म सगळा उलटं काढण्यात गेला, आणि जिथे उलटं काढायला हवं होतं तिथे मी मेला सुलटं काढून बसलो!

"दादा, चाकच उलटं फिरव ना," मी म्हटलं.

त्याचं हसू थांबलं. "चाक म्हंजे देव हाय आमचा. देवाले उलटी परदक्षिना घालतं का कोनी?"

 मी घरी जाऊन नवी पट्टी कापली आणि उजवीकडून डावीकडे, उर्दू लिहावं तशी काढायला बसलो. या वेळी बैल नाही, बायका. बारा चित्रांत टिपरीचे दोन ठोके: एक आपला आपल्याशी, दुसरा शेजारणीशी. चाकाचा एक फेरा म्हणजे दोन ठोके. सात रात्री जेवणं गार झाली. बायको रोज बडबडत होती, पण आठव्या दिवशी तिनेच टिपऱ्या हातात घेऊन उभं राहून दाखवलं, "कोपर असं वर जाते. तुमच्या बाया भाकरी थापून राह्यल्या." पुन्हा पट्टी कापली.

भुलाबाई बसली तशी एका दुपारी मी मायला कुंभाराकडे नेलं. खिरापतीची बोळकी घ्यायचीत अशी थाप मारली. चाक फिरलं, मी तिला फटीपुढे बसवलं. ती पुढे वाकली. मग तिच्या उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर पडायला लागलं, ठोक्यावर, अगदी बरोबर ठोक्यावर. तिच्या ओठांवर गाणं आलं तेव्हा मी कुंभाराकडे पाहिलं आणि त्याने तोंड फिरवून डोळे पुसले. मी पुसले नाहीत, कारण मला चाक दिसायला हवं होतं. खोटं कशाला बोलू, पुसायला सुचलंच नाही.

त्या आठवड्यात गल्लीची भुलाबाई कुंभाराच्या अंगणात बसली. बायका खुशीत होत्या, कारण डब्यात नाचणाऱ्या बायांची बातमी एव्हाना बाजारापर्यंत गेली होती. दिवस मावळायला अजून अवकाश होता. माय यायला तयार नव्हती. "हासतीन मले," एवढंच म्हणत होती. शेवटी बायकोने तिचा हात धरला आणि सोडलाच नाही. मायला चाकाजवळ पाट दिला, बाकीच्या भोवती उभ्या राहिल्या. कुंभाराने काठी फिरवली. मायने फटीला डोळा लावला, श्वास घेतला आणि सुरू केलं.

वर्षभर न ऐकलेला तो आवाज! पहिल्या ठोक्याला सगळ्या टिपऱ्या एकदम पडल्या. पहिलं गाणं पार पडलं. दुसरंही पडलं. मी हवेत तरंगत होतो. छापखाना सोडावा आणि गावोगाव हा डबा घेऊन हिंडावं, इथपर्यंत माझी मजल गेली होती.

आणि तिसऱ्या गाण्यात मला माझी दुसरी चूक दिसली. भुलाबाईचं गाणं हळू सुरू होतं आणि वाढत वाढत जातं. कुंभाराचं चाक जोरात सुरू होतं आणि मंद होत जातं. पहिल्या दोन गाण्यांना कुंभार काठी देत होता. आता तो गाण्यातच रंगून गेला होता, काठी मांडीवर तशीच. चाक रेंगाळलं तशी माय रेंगाळली. गाण्यातली सासुरवाशीण माहेरी धावत निघालीय आणि गाणं चाललंय चिखलात रुतलेल्या गाडीसारखं. पोरी गोंधळल्या, टिपऱ्या एकमेकींवर आपटल्या, आणि कोणीतरी हसली. मग सगळ्याच.

 "दादा, काठी!" मी ओरडलो. तो दचकून उठेपर्यंत चाक थांबलं होतं. माझ्या बारा बायका बारा जागी हात वर करून ताटकळल्या.

मायने मान वर केली. डोळे उघडेच होते, फटीतून पाहायचं म्हणून या वेळी तिने ते मिटलेच नव्हते. तिने पाहिलं. पोरी हसत होत्या, दम लागेपर्यंत हसत होत्या, पण सगळ्यांच्या टिपऱ्या वर होत्या आणि सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. पुढची ओळ तिच्याशिवाय कोणाला येत नव्हती. तिने समोरच्या पोरीच्या टिपरीवर नजर ठेवली, पाटावरून उठली आणि ओळ उचलली. मग काय विचारता! ठोका वाढला, ती वाढली, अंगण घुमलं, आणि गाणं संपलं ते सगळ्यांचं एकाच ठोक्याला संपलं. खिरापत कोणी ओळखलीच नाही, तशीच वाटून टाकली.

घरी येताना ती म्हणाली, "तुह्या डब्यातल्या बाया लय गुमसुम हायत रे. एकीच्याही तोंडावर हासू नाही. काहून?"

मी तिच्या कानाशी ओरडलो, "माय, ज्वारीच्या दाण्याएवढं तोंड. त्यात हसू कुठे काढू?"

"मंग म्या त्यायच्याकडे कायले पाहू?" ती म्हणाली. "ह्या हासतेत त्या बऱ्या."

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यातून धावतपळत आलो. तिला न्यायचं होतं, डबा चाकावर चढवायचा होता, कुंभाराला काठीबद्दल चार शब्द ऐकवायचे होते. डबा काखेत मारून हाक घातली, "माय, चाल." बायको भाकरी थापत होती. तिने मान न वळवता सांगितलं, "त्या कव्हाच गेल्या."

मी डबा घेऊन तसाच गल्लीत उभा राहिलो. त्या दिवशी भुलाबाई दुसऱ्याच घरी होती, तिथे चाकही नव्हतं. लांबून टिपऱ्या ऐकू येत होत्या, आणि मायचा आवाज सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढे होता. बाकीच्या तिला गाठायला पळत होत्या.