भुताची चाल

ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या आमच्या स्टुडिओत एका गेमसाठी भूत घडवायचं काम आलं. चेहरा, केस, फाटका सदरा सगळं पटकन ठरलं. घोडं अडलं चालण्यावर. अशा वेळी आम्हीच गच्चीवर भुतासारखं चालतो, व्हिडिओ काढतो आणि तो समोर ठेवून पाऊल न् पाऊल कॉम्प्युटरवर उतरवतो. पण पोटं सुटलेले आम्ही पाय ओढत चाललो की भुतं कमी आणि मूळव्याधीचे पेशंट जास्त दिसायचो.

डोंबिवलीला घरी हे हसत हसत सांगत होतो. बाबांना मागे लकवा झालेला, तेव्हापासून उजवा पाय ओढत चालायचे. ते म्हणाले, "मग माझा काढ की व्हिडिओ. मला नाटक करायला नाय लागणार." मी नको म्हणेपर्यंत भिंतीला धरून उठलेसुद्धा. आई भडकली. "जिवंतपणी भूत करतोयस बापाचं?"

क्लायंट मात्र खूश झाला. मग बदल सुरू झाले. खांदा आणखी पाडा, वळताना थांबवा. मी संध्याकाळी घरी पोचलो की बाबा दाढीबिढी करून तयार. "आज काय सांगितलंन सायबाने?" आजारपणामुळे नोकरी गेलेल्या माणसाला परत काम मिळालं होतं. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

एके दिवशी बाबांचा व्यायाम घ्यायला घरी येणाऱ्या फिजिओथेरपीच्या बाईंनी मला जिन्यात गाठलं. म्हणाल्या, "बाबांची टाच आता टेकते. माझ्यासमोर चुकून टेकली आणि लगेच उचलली त्यांनी. मुद्दाम करतायत. असंच चाललं तर पाय कायमचा असा राहील."

मी बाबांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "अरे, सायबाने परत मागितलं तर? पाय सुधारला की तुझ्या भुताची चाल बदलेल."

माझं डोकंच फिरलं. काम संपलं म्हटलं असतं तर ते गेमच्या पुढच्या भागाची वाट बघत बसले असते. म्हणून मी धडधडीत खोटं बोललो. "भूतच रद्द झालं, बाबा. काढून टाकलं. आता टाच टेकवा."

"माझं चालणं नाय आवडलं?"

"तसं नाही हो."

दुसऱ्या दिवशी बाई आल्या आणि म्हणाल्या, चला, उठा.

"कशाला?" बाबा म्हणाले.

शेवटी बाईंनी आणि मी बगलेत हात घालून त्यांना उभं केलं. त्यांनी चांगल्या पायावरही भार टाकला नाही.