साहेबरावांची बारी

संपत मूळचा मांडवगण फराट्याचा. शिक्रापूरच्या आमच्या कारखान्यात थंडगार खोलीत बसून तो मोठमोठी गणितं करायला एकत्र जोडलेले सोळा संगणक सांभाळायचा. इंजिनिअर तेवीस, म्हटल्यावर भांडणं आलीच. २००४ साली संपतनं त्यावर गावच्या सामाईक विहिरीचा नियम बसवला: ज्यानं कमी उपसलं, त्याची बारी आधी. पुढचं संगणकच ठरवत. मॅनेजरला मात्र कसला नियम! त्याचा फोन आला की संपत हातानं त्याचं काम पुढं सरकवायचा आणि मागं ढकलले जायचे ते इंजिनिअरांतले दौंडचे साहेबराव. ते तक्रार करत नसत. भिडस्ताच्या वाट्याला हेच येतं. मला आजही राग येतो.

एका बुधवारी साहेबराव रजेवर होते. संपतनं त्यांना फोन केला, "तुमची बारी लागली. उत्तर बघायला या." ते मोटारसायकलवर निघाले. मागोमाग मॅनेजरचा फोन आला आणि संपतनं ती बारी काढून त्याला दिली. वाटेत साहेबरावांना ट्रकनं उडवलं. ते जागीच गेले.

"यादीतनं त्यांचं नाव पुसून टाक," मॅनेजर म्हणाला. संपतनं पुसलं नाही. त्याच्या गावात बारीवाला वारला तरी तेराव्यापर्यंत पाणी त्याच्याच वावरात सोडतात, वाफ्यांची दारं धरायला तिथं कुणी असो नसो.

बाराव्या दिवशी मॅनेजरचं काम संपलं. भर दुपारी सगळ्यांची कामं थांबली, सोळाही पंखे एकदम घुमायला लागले. पडद्यावर एकच नाव होतं, साहेबरावांचं. सगळ्यांत कमी उपसलेले तेच, आणि त्यांच्या गणिताला सोळाही संगणक लागत, हे आम्हांला कळत होतं. तरी कुणी आत पाऊल टाकेना.

"मला भ्या वाटतंय," संपत म्हणाला. "ते हितंच बसल्यागत वाटतंय." मॅनेजरचा फोन वाजत राहिला. संपतनं उचलला नाही. संध्याकाळी उत्तराचा कागद निघाला.

दोन दिवसांनी साहेबरावांची बायको ललिता त्यांचं सामान न्यायला आली. "भरल्या ताटावरनं उठून निघाले व्हते," ती म्हणाली. "झालं का त्यांचं काम?"

"झालं, वहिनी." संपतनं तिला कागद दिला. तिनं तारीख वाचली, पुन्हा वाचली.

"हे तर परवाचं हाय. मग त्या दिवशी त्यांची बारी कुणी घेतली, भाऊ?"

संपत उभा राहिला. "घेतली न्हाई, वहिनी. म्या दिली."