शिंप्याच्या मुलीची बटणं

मास्तरांनी केलेलं काज पाहून दुसऱ्या शिंप्यांनीही मान डोलवावी, इतका त्यांचा हात सफाईदार. पण त्यांच्या चार वर्षांच्या मुलीच्या एकाही कपड्याला काज नव्हतं. फ्रॉकला इलॅस्टिक, चड्डीला इलॅस्टिक, स्वेटर डोक्यातून घालायचा. तिची आई परिचारिका. ती सकाळी साडेसहालाच कामाला जायची. मग पोरीला उठवून, आवरून, बालवाडीत सोडून नऊला दुकान उघडताना मास्तरांची तारांबळ उडे. इलॅस्टिक बरं, ओढलं की झालं. त्यात मुलगी एका जागी ठरेल तर शपथ! म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत.

एके दिवशी बालवाडीच्या बाईंनी मास्तरांना दारातच गाठलं.

"रागावू नका, पण भिंगरीला बटण लावता येत नाही. काल रंगकामाचा ॲप्रन घातला आणि बटणं लागेनात म्हणून रडत बसली."

"बटण? आमच्या घरात?" मास्तर ओशाळले.

"दिव्याखाली अंधार," बाई हसल्या. "तुम्हीच सगळं करून देत असाल. तिला जरा धडपडू द्या."

त्याच संध्याकाळी मास्तरांनी पुढून उघडणारा, पाच मोठ्या बटणांचा फ्रॉक शिवला. सकाळी शिकवणी सुरू झाली. "हे बघ, धरायचं, घालायचं, ओढायचं. कळलं?" अठ्ठावीस वर्षांचा सराव असलेली बोटं ती, भिंगरीला काय दिसणार, कपाळ? तिने एकदा केलं, निसटलं. दुसऱ्यांदा निसटायच्या आत मास्तरांनीच लावून टाकलं. भिंगरीने फ्रॉक काढून भिरकावला.

"मला नको बटणं! ती ऐकत नाहीत!"

चार दिवस फ्रॉक खुंटीवर लटकत राहिला. जेवताना बायको म्हणाली, "तुम्ही शिकवत कुठे, करून दाखवता. हात मागे बांधून बसा एकदा."

शनिवारी बालवाडीला सुट्टी. दुकानातल्या कापड बेतायच्या टेबलाखाली भिंगरीचं राज्य होतं. त्या दिवशी तिथे बस चालू होती. रिळाचं खोकं म्हणजे स्टेअरिंग. शेजारी एका निवृत्त पोस्टमनचा सहा बटणांचा लांब कोट अडकवलेला. त्याची बाही दुरुस्त करून झाली होती. बस कोटापाशी थांबली.

"शेवटचा थांबा! उतरा सगळे, आपापल्या घरी जा!" भिंगरीने कोटाचं सगळ्यांत खालचं बटण चिमटीत धरलं. "आजोबा, तुमचं दार हे. आधी डोकं घाला आत. अंग चोरा जरा... अडकलात? थांबा, मी पलीकडून हात देते."

आणि पलीकडून ओढून तिने आजोबांना घरात घेतलंसुद्धा.

मास्तरांचा पायडलवरचा पाय थांबला. दुसरं बटण गेलं, तिसरं गेलं. पण तिसरं चौथ्या काजात शिरलेलं मास्तरांनी लांबूनच ओळखलं. ते अर्धे उठले, बायकोचं बोलणं आठवलं, आणि दोन्ही हात काखेत घट्ट दाबून परत बसले.

वरचं बटण उरलं. "बाबा, या मावशींना घरच नाही!"

"मग आता?" मास्तर एवढंच म्हणाले.

तिने खालपासून बोट फिरवलं. "कुणीतरी दुसऱ्याच्या घरात शिरलंय! निघा बाहेर सगळे! आधी बघायचं नाही का?"

तेवढ्यात पोस्टमन आले. "झाला का कोट, मास्तर?"

"झालाय. पण मंडळी अजून घरी पोचायची आहेत."

पोस्टमननी घटकाभर पाहिलं. उभा जन्म लोकांचे पत्ते शोधण्यात गेलेला माणूस. त्यांना सांगावं लागलं नाही. "चुकीच्या दारातून परत फिरण्यात कमीपणा नसतो हो," म्हणत ते बाकावर टेकले.

वीस मिनिटं गेली. सहाही जण आपापल्या घरी पोचले.

"आता घाला," भिंगरीने फर्मावलं.

पोस्टमन बिचारे बटणं काढायला गेले, तर ती ओरडली, "नका ना! आत्ताच झोपलेत सगळे!" शेवटी त्यांनी कोट स्वेटरसारखा डोक्यातून घातला. मध्येच अडकले. एका बाहीला मास्तर, एका बाहीला भिंगरी, अशी ओढाताण झाली तेव्हा कुठे त्यांचं लाल झालेलं तोंड वर आलं. तिघेही हसून हसून बेजार.

सोमवारी भिंगरीने फ्रॉक स्वतःहून मागितला. मास्तर तिचे बूट हातात घेऊन उंबऱ्यावर बसले, ते बसलेच. त्या दिवशी दुकान उघडायला पावणेदहा झाले. मधलं एक बटण बाहेरच राहिलं होतं.

"एक जण उन्हात बसलाय वाटतं?"

"त्याला बाहेर आवडतं," ती म्हणाली. मास्तरांनी त्याला बाहेरच राहू दिलं.

महिनाभरात बोटं सरावली. पुढे एका सकाळी मास्तर फ्रॉक घेऊन गेले, तर तिने तो हातातून काढून घेतला. "तू दुकान उघड. मी येते."

मास्तरांनी शटर वर केलं. साडेआठच वाजले होते. हात एकदम रिकामे झाले. कुठे ठेवावेत कळेना. त्यांनी चहा ओतून घेतला आणि पायरीवर बसून, कित्येक महिन्यांनी, गरम असतानाच प्यायला सुरुवात केली. दुकानामागच्या घरात काहीतरी धाडकन पडलं. मास्तर दचकून उठले.

"काही झालं नाही!" आतून आवाज आला.

ते पुन्हा खाली बसले.