पाठीवरच्या चिरा

निखिल, मृणाल — हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. तुमच्या बाबाजवळही नाही. आता लिहिते आहे, कारण गेल्या महिन्यात बाबाला हृदयविकाराचा झटका आला, रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध शिरेतून दिलं आणि तो वाचला. तेव्हा फोनवर मृणाल म्हणाली, "आजी, हे औषध आजोबांच्या वेळी असतं तर?" मी नुसतं "हं" म्हटलं आणि फोन ठेवला.

ते होतं. तुमच्या आजोबांना ते दिलं होतं.

क्रमानं सांगते. महाराष्ट्र राज्य होऊन पाचेक वर्षं झाली असतील. आम्ही दिग्रसला होतो. आजोबा कापसाच्या एका जिनिंगमध्ये मॅनेजर. गावात मद्रासकडचे एक डॉक्टर आले होते. मराठी त्यांना येत नसे, हिंदी तोडकीमोडकी. त्यांच्याशी इंग्रजीत बोलणारी बाई म्हणजे मी — कॉलेजात शिकलेली सून. त्याचा मला केवढा ताठा होता. आज आठवलं तरी स्वतःची चीड येते.

आजोबांची पाठ आणि डावा खांदा दुखत होता. सासूबाई म्हणाल्या, वात धरला, आणि त्यांनी तुंबडीवालीला बोलावलं. वस्तऱ्यानं पाठीवर चिरा द्यायच्या, वर शिंग लावून तोंडानं रक्त ओढायचं, मग हळद भरून फडकं बांधायचं. मी नाक मुरडलं — पण अडवलं का? नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या छातीत कळ आली आणि जिनिंगच्या जीपमधून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं.

परदेशातून आलेल्या एका मित्रानं दिलेल्या या औषधाच्या कुप्या डॉक्टरांजवळ होत्या. त्यांनी मला सगळं समजावलं. औषध नवं आहे, गुठळी विरघळते. पण अंगावर ताजी जखम असली तर तिथलंही रक्त थांबत नाही. कुठे काही कापलंय का? जखम? त्यांनी पुन्हा विचारलं. रोग्याला हलवायचं नव्हतं म्हणून त्यांनी पाठ पाहिली नव्हती. माझ्या शब्दावर विसंबले.

दारातून सासूबाई म्हणाल्या, "काय पुसून राह्यला व तो? तुंबडी लावली ते सांग ना त्याले."

डॉक्टरांनी मला विचारलं, काय म्हणताहेत? मी सांगितलं — देवाचं काहीतरी. जखम नाही.

का? घाबरले होते? गोंधळले होते? छे. मला लाज वाटली. माझ्या घरात तुंबडी लावतात हे त्या एका माणसाला कळू नये — नवऱ्याच्या जिवापुढे मला एवढंच मोठं वाटलं.

ते औषध घालून सलाइन सुरू झालं. दुपारपर्यंत कळ ओसरली. आजोबांनी चहा मागितला. माझ्याकडे बघून म्हणाले, "तोंड काहून उतरवून बसली व? अजून आहो मी." औषधानं आपलं काम केलं होतं. हे नीट वाचा — औषधानं काम केलं होतं.

मग त्यांना अंगाखाली ओलं लागलं. गादी रक्तानं भिजली होती. डॉक्टरांनी सलाइन बंद केलं, त्यांना कुशीवर वळवलं आणि चिरा पाहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं. पट्ट्या दाबून धरल्या, पण रक्त थांबेना, आणि बाहेरून रक्त देण्याची तिथे सोय नव्हती. आधीच दुबळं झालेलं ते हृदय संध्याकाळी थांबलं.

ओसरीवर नातेवाईक जमले. "मद्राशानं सुई देऊन रक्ताचं पाणी केलं," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी तेच उचललं. दवाखान्याच्या काचा फुटल्या. डॉक्टर एक वाक्य बोलले असते तर माझं तोंड काळं झालं असतं. ते बोलले नाहीत. आणि मी? मीही तिथेच उभी होते. लोक म्हणत होते, बिचारी, एवढी शिकलेली, काय नशीब. नशीब कसलं?

रात्री सासूबाईंनी विचारलं, "तू सांगतलं होतं ना व त्याले?"

मी म्हटलं, "हो."

म्हणजे डॉक्टरांना ठाऊक असूनही त्यांनी सुई दिली, असं त्या माउलीनं धरलं. मरेपर्यंत त्यांना शिव्याशाप देत राहिली. मी तिच्यासमोर ताट वाढत होते आणि ऐकत होते. डॉक्टर महिनाभरात गाव सोडून गेले. ते औषध त्या गावात पुन्हा कुणी कुणाला देऊ दिलं नाही. किती जणांना ते मिळालं असतं, हा हिशेब मी कधी केला नाही, कारण मला तो करवत नाही.

बाबाला तुम्ही हे वाचून दाखवा, किंवा दाखवू नका.

डॉक्टर आज हयात आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. सासूबाई गेल्या, तो दवाखाना पाडला. मागच्या दिवाळीत दिग्रसहून एक नातेवाईक आले होते, आजोबांचा विषय निघाला तेव्हा चहा पिता पिता म्हणाले, "त्या मद्राशानं सुई देऊन मारलं त्याईले." तिथे अजून असंच सांगतात.