सुलतानपूरच्या भिंतीवरचा शनिवार

ब्रश रंगाच्या डब्यात बुडवायच्या आधी चाचा मान वर करायचे आणि विचारायचे, "ताई, नक्की ना?" मी "नक्की" म्हटल्याशिवाय ब्रश ओला होत नसे.

मेहकरला आमचं एक लहानसं चित्रसंग्रहालय आहे. तीन खोल्या आणि मागं अंगण. शनिवारी संध्याकाळी तिथं कधी चित्रपट, कधी व्याख्यान, कधी भारुड असायचं, आणि हे सगळं जमवून आणायचं काम माझं. फाटकापाशी काळा पत्र्याचा फलक होता. पुढच्या शनिवारचा कार्यक्रम त्यावर रंगवायला पेंटर चाचा सोमवारी यायचे. उंच, थोडं पोक आलेलं, कानामागं ब्रश खोचलेला. मजकूर मी द्यायचे, पण शेवटी 'या' हे अक्षर ते स्वतःच्या मनानं टाकायचे. "बलावल्याबिगर कोन येते?" असं त्यांचं म्हणणं.

धंदा पुढच्या गोष्टी रंगवण्याचा, आणि धास्ती नेमकी पुढच्या गोष्टींचीच. एका सोमवारी त्यांनी माझ्या फोनवरून पुण्याच्या व्याख्यात्यांनाच गाठलं. "तुमी येऊन राह्यले ना साहेब?" ते बिचारे म्हणाले, तिकीट काढलंय. "तिकीट काढल्यानं काय होते? गाडीत बसले का?" व्याख्यान शनिवारी होतं!

एकदा वीज गेली आणि चित्रपट अर्ध्यात राहिला. लोक बडबडत निघाले, तर चाचा फाटकाशी उभे राहून एकेकाची माफी मागत होते. "चाचा, लाइट काय तुम्ही घालवली?" मी म्हटलं. "घालवली नाही, पन लिवलं कोनं? म्याच ना?" आम्ही सगळे हसलो. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांच्या भीतीची आपल्याला गंमत वाटते. मलाही वाटायची, सुलतानपूरच्या फाट्यापर्यंत.

त्या दिवशी लोणारला चित्रपटाचा पडदा बांधायला आम्ही एसटीनं निघालो होतो. सुलतानपूरचा फाटा आला तसं चाचांनी तोंड दुसऱ्या बाजूला वळवलं आणि डोळे मिटून घेतले. मी खिडकीतून पाहिलं. जुन्या गोदामाच्या भिंतीवर बैलगाडीच्या चाकाएवढं कापसाचं बोंड फुटलेलं, आणि त्याखाली पुरुषभर उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं: 'आता अळीची भीती नाही!' बीटी कापसाच्या बियाण्याची ती जुनी जाहिरात होती. ते बियाणं नवं आलं तेव्हा तालुक्यातल्या भिंतीभिंतीवर असा कापूस फुटला होता, आणि त्यातल्या निम्म्या भिंती चाचांच्या हातच्या.

"एवढं देखणं काम, आणि बघत नाही?"

"माह्या जावयानं ते वाचून पेरलं, ताई."

त्यांची मुलगी सुलतानपूरला दिलेली. बियाणं कसं आहे म्हणून गावानं जावयाला विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, "सासऱ्याच्या हातचं हाये, खोटं कसं असन?" पहिली काही वर्षं कापूस चांगला आला. चहा पाजल्याशिवाय चाचांना तिथून कुणी सोडत नसे. मग बोंडात गुलाबी अळी निघाली. फवारणी वाढली, आज हे औषध, उद्या ते. फवारता फवारता माणसं दगावल्याच्या बातम्या येऊ लागल्या. जावई पाठीवर पंप बांधून डोक्याएवढ्या कपाशीच्या पऱ्हाटीत शिरला की इकडे मेहकरला चाचांचा जीव थाऱ्यावर नसे.

खिशात फोन वाजला की ते ब्रश खाली ठेवत आणि फोन माझ्या हातात देत. "तुमी उचला ताई. माह्यानं नाही होत." बहुतेक वेळा रिचार्जवाल्या बाईचा आवाज असायचा. मी सांगायचे, काही नाही चाचा. "नक्की ना?"

असाच एक सोमवार. फलकावर 'भारुड' हा शब्द अर्धा रंगला होता. फोन वाजला, मी उचलला. पलीकडे त्यांची मुलगी होती. "ताई, अब्बाले लवकर पाठवा. ह्याईच्या डोयात औषध उडालं. काहीच दिसून नाही राह्यलं म्हन्तात." मी चाचांकडे वळले. त्यांनी माझा चेहरा पाहिला, आणि त्या एका वेळी मात्र 'नक्की ना' विचारलं नाही.

जावयाचा जीव वाचला. डोळ्यांचं हळूहळू कळेल, असं डॉक्टर म्हणाले. शेत बघायला चाचा सुलतानपूरलाच राहिले. संध्याकाळी जावयाला हाताला धरून ते त्या भिंतीसमोर उभं करायचे आणि वाचायला सांगायचे. एवढी मोठी अक्षरं पंचक्रोशीत दुसरी नव्हती. एके दिवशी जावयानं घडाघडा वाचलं, 'आता अळीची भीती नाही!' चाचांना रडू फुटलं. घरी पोचेपर्यंत मात्र त्यांच्या मनात शंका शिरली. फोनवर मला म्हणाले, "ताई, ते तं साऱ्या गावाले पाठ हाये. पोराले दिसते, का माह्यासाठी म्हनून राह्यला? कसं कळन?"

मग त्यांनी भिंतीवर पांढरा रंग मारला आणि पुन्हा फोन केला. "पुढच्या शनिवारी काय हाये? त्याले पाठ नसन असं पाह्यजे."

तेव्हापासून आमचा कार्यक्रम दर सोमवारी सुलतानपूरच्या भिंतीवर लागू लागला. मंदिरातल्या मूर्तींवरच्या व्याख्यानाला तिथले दोन म्हातारे एसटीनं आले. "भिंतीवर लिवलं हाये म्हनून आलो," म्हणाले आणि पहिल्या रांगेत छान झोपले. मी हसले खरी, पण आता मलाही भीती धरली होती. कार्यक्रम रद्द करणं मी बंदच केलं. एकदा वक्ता आला नाही, तर मीच उभी राहून बोलले. ती भिंत पुन्हा खोटी पडायला नको होती.

लोणारकडे जाता-येता मी भिंतीवरची अक्षरं बघायचे. पुरुषभर होती ती कमरेएवढी झाली, मग हातभर; म्हणजे जावयाला तेवढीही दिसत होती. एसटीत एकटीच हसले मी त्या दिवशी.

मग एका सोमवारी चाचा फोनवर म्हणाले, "ताई, थोडक्यात सांगा." पुढच्या सोमवारी म्हणाले, "अजून थोडक्यात." अक्षरं मोठी झाली की भिंतीवर शब्द कमी मावतात. का, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

चाचांना शेवटचं पाहिलं तेही एसटीतूनच. भिंतीवर कार्यक्रम नव्हता, वार नव्हता. वरपासून खालपर्यंत एकच काळं अक्षर होतं: 'या'. रंग अजून ओला होता. समोर जावई, त्याच्या दंडाला धरून मुलगी, आणि बाजूला ब्रश घेऊन चाचा. त्यांचे ओठ हलले. काय विचारलं असेल ते तुम्हालाही कळलंच. जावयाचं उत्तर ऐकू यायच्या आत गाडी पुढं गेली.

त्यानंतर चाचांचा फोन आला नाही. मीही केला नाही. अजूनही सोमवारी फोन वाजला की मी हातातलं काम खाली ठेवते आणि फोन आमच्या चौकीदारापुढं धरते. "तुम्ही उचला," म्हणते. "माझ्यानं नाही होत."