तिघे हीलर आणि एक लढवय्या

विठ्ठलवाडीच्या डेपोसमोरच्या औषधांच्या दुकानात परवा उभा होतो. दुकानदाराच्या हातून स्पिरिटची बाटली कलंडली आणि तो थंड, झोंबरा वास नाकात शिरला. माझं औषध घ्यायचं राहिलं बाजूला, मी थेट बदलापुरात पोचलो, हेंद्रेपाड्यातल्या माझ्या मित्राच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी. तिथल्या बैठकीच्या खोलीला शेवटचं वर्षभर हाच वास होता. कांदेपोहे केले तरी तो जायचा नाही.

तिथे रविवारी दुपारी आमचा खेळ रंगायचा. कुणी विचारलं तर काय सांगायचं, हा प्रश्नच असे. चाळिशीकडे झुकलेली माणसं परातीत फासे टाकतात, राक्षसांशी लढतात, हे सांगायलाही जीभ रेटत नाही. मित्राची बायको गोष्ट सांगायची. डोंगर, दऱ्या, शत्रू सगळे तिच्या ताब्यात. आम्ही चौघं त्या गोष्टीतली पात्रं. प्रत्येकाने आपला क्लास निवडायचा, म्हणजे त्या जगात आपण कोण ते ठरवायचं: लढणारा, चोर, जादूगार, जखमा बऱ्या करणारा हीलर. मग मोजके गुण ताकदीत, चपळाईत, अकलेत वाटायचे. एकाला जास्त दिलं की दुसरीकडे कमी पडणारच. त्या वाटपात माणूस जितका उघडा पडतो तितका लग्नाच्या बैठकीतही पडत नसेल. माझा मित्र अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी, मुंगी मारताना कचरणारा. पण खेळात कायम लढवय्या, कायम सगळ्यांच्या पुढे.

इतर ठिकाणी म्हणे आधी बोलून क्लास ठरवतात. आमच्यात तसं नव्हतं. घरी बसून पात्र घडवायचं, कुणाला सांगायचं नाही आणि रविवारी एकदम जाहीर करायचं, ही आमची रीत. माझ्या त्या मित्राचा कॅन्सर दुसऱ्यांदा उलटला, तेव्हा नवी गोष्ट सुरू व्हायची होती. त्याने सवयीने लढवय्या घेतला. मी हीलर. चामटोलीहून स्कूटीवर येणारी, जन्मभर चोर खेळलेली आमची मैत्रीण, तीही हीलर. उल्हासनगरचा आमचा सिंधी दोस्त, कापडाचा व्यापारी, डोकं खाजवत म्हणाला, “अरे यार, मी पण तोच घेतला. बोललो, भाईला काय झालं नाय पाहिजे.” आम्ही हसलो. आजारी मित्रही हसला, पण उशिरा.

मग गोष्टीतल्या पुलावर राक्षस आला. केमोने मित्राची बोटं बधिर झालेली, म्हणून तो स्टीलच्या वाटीत फासे खुळखुळवून परातीत ओतायचा. दान पडेना. राक्षस त्याला तुडवायचा, आम्ही तिघं पाळीपाळीने मंत्र टाकून त्याला उभा करायचो. राक्षसाला मारणारं दुसरं कुणी नव्हतंच. चहा निवला, उन्हं खिडकीतून गेली, तरी तो पूल संपेना. शेवटी त्याने वाटी खाली ठेवली.

“जिंकू देत नाही, पडूही देत नाही. मी काय करू रे इथे उभा राहून?”

त्याची बायको स्वयंपाकघरात गेली, तिच्यामागे मी गेलो. ती ओट्याकडे बघतच बोलली. “त्याला आता केमो नकोय. मला रोज सांगतो. तुमच्यासमोर नाही बोलत. तुम्ही दर वेळी नवा डॉक्टर, नवा काढा घेऊन येता ना, भाऊजी.”

मला तिचा राग आला. त्याचा त्याहून जास्त आला. नको म्हणजे काय? मी बाहेर येऊन बसलो, आणि माझ्या तोंडून निघालं, “मला क्लास बदलायचाय.” लढाईच्या मध्यात असं चालत नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, “घ्या बदलून.”

माझा लढवय्या त्यानेच घडवला. सगळे गुण ताकदीत ओतले. “अक्कल राहू दे कोरी, तुला शोभेल,” म्हणाला. त्या दिवसांत तो इतका मोकळा हसलेला मी पाहिला नव्हता. बाकीचे दोघेही काय समजायचं ते समजले. त्यांनी मंत्र आवरते घेतले. पुढच्याच फेरीत राक्षसाचा घाव त्याच्यावर बसला. माझा हात सवयीने फाशांकडे गेला, पण बरं करायची विद्या आता माझ्याकडे नव्हती. त्याचा लढवय्या पडला. “आता मार त्याला,” तो म्हणाला. मी मारलं.

त्याच आठवड्यात त्याने डॉक्टरांना नाही म्हटलं. गणपतीच्या आधी तो गेला, घरीच, स्वतःच्या पलंगावर.

काळ जातो तसं मन निवतं, असं सगळेच सांगतात. माझं निवत नाही. रस्त्याने चालताना मी त्याच्याशी अजून भांडतो. आणखी एक केमो घेतला असतास तर, आणखी एका डॉक्टरला दाखवलं असतंस तर. त्या पुलावर मी हीलरच राहिलो असतो, तर तो अजून उभा असता. थकलेला, चिडलेला, वाटी खुळखुळवत. त्याला ते नको होतं, हे मला कळतं. पण मला तो हवा होता. अजून हवा आहे.