वेळवंडे, बेलवंडे आणि कुमुद

देवासहून फोन आला तेव्हा मी गच्चीवर सांडगे घालत होते. हात पिठाचे, म्हणून यांनीच फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे कुमुदच्या शेजारणी पाटीदार भाभी होत्या. "धारवाली दीदी बोल रही हो? कुमुद दीदी नहीं रहीं. सुबह चाय लेकर गई तो उठी ही नहीं. आप आ जाओ, हम आपके लिए रुके हुए हैं."

आपके लिए रुके हुए हैं... गाडीत बसल्यावर इंदूर येईपर्यंत तेच एक वाक्य डोक्यात घोळत होतं. माझ्यासाठी का थांबायचं? मी तिची कोण? ती माझ्या वडिलांची, दादांची, लाडकी होती, आणि त्यासाठी मी तिच्यावर जळत आले होते. ती गेल्याचं कळलं, आणि तरी ते जळणं जागचं हललं नव्हतं.

माझं माहेरचं आडनाव वेळवंडे. धारमध्ये या नावाचं आमचं एकच घर. हिंदीच्या मुलखात 'ळ'ची आधीच पंचाईत, त्यात माळव्यात 'व'चा 'ब' व्हायला वेळ लागत नाही. दादांच्या पेन्शनच्या कागदावर वेलवंडे, मतदार यादीत वेलबंडे, विजेच्या बिलावर तर चक्क बेलबंडी. दादा तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, अक्षराला फार जपणारे. दर वेळी अर्ज करून नाव दुरुस्त करून घ्यायचे, आणि पुढच्या कागदावर ते पुन्हा बिघडून यायचं. आई लवकर गेली. मी एकुलती एक, सासर दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे रोज डबा घेऊन जायचे. आडनाव आपल्याबरोबर संपणार याची खंत त्यांना होती. बोलायचे नाहीत, पण मला दिसायची.

कुमुद देवासच्या सरकारी शाळेत शिक्षिका होती. बोर्डाच्या कॉप्या, म्हणजे उत्तरपत्रिका, तपासायला धारला आली होती, आणि खोकला धरला म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे बसली होती. मी दादांना घेऊन तिथेच होते. कंपाउंडरनं हाक मारली, "बेलवंडे!" दादा काठी टेकत उठले, कारण हे आपलंच नाव हे त्यांना सवयीनं कळायचं. आणि त्याच वेळी समोरच्या बाकावरून एक उंच, सावळी बाई उठली.

"भिया, कोण ते नीट सांगा," ती कंपाउंडरला म्हणाली. "मी बेलवंडे. आणि हे पण उठले."

दादा तिच्याकडे बघतच राहिले. "तुम्ही बेलवंडे? कुठल्या?"

"देवासची, काका. सगळे हेच विचारतात. आमच्या नावाचं दुसरं कोणी मला आजपर्यंत भेटलंच नाही."

औषधं राहिली बाजूला. दादा तिला तडक घरी घेऊन आले. मी चहा टाकला आणि आतून ऐकत राहिले. गोत्र एकच निघालं, कुलस्वामिनी एकच निघाली. पण ते काय, शंभर घरांचं असतं. मग दादांनी विचारलं, "तुमच्यात बारसं कसं करतात?" ती हसली. "आमच्यात पाळणा चालत नाही, काका. आत्या सांगायची, बाळाला सुपात ठेवूनच नाव घ्यायचं. बाकी सगळे मराठी लोक हसायचे आम्हाला." दादा उठले, आतल्या खोलीत गेले आणि माळ्यावरचं सूप काढून घेऊन आले. माझं बारसं ज्या सुपात झालं होतं, ते. त्यांनी ते तिच्या हातात दिलं... माझं सूप. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते.

त्या दिवसापासून कुमुद घरचीच झाली. तिनं लग्न केलं नव्हतं, आईवडील गेलेले, भावंडं नाहीत. सुट्टी लागली की बसनं धारला. "काका"चं "दादा" कधी झालं ते मला कळलंही नाही. तिला मराठी बोलता यायचं, पण वाचताना बोट ठेवून अक्षरं लावावी लागायची. दादा तिला तासन्‌तास वाचायला शिकवायचे, आणि शिकवता शिकवता दोघं वंशावळ मांडायचे. देवासची शाखा धारमधून कधी फुटली, 'वे'चा 'बे' कुठल्या पिढीत झाला, कुठल्या काकानं रागानं घर सोडलं. मी डबा घेऊन गेले की दोघांची डोकी जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठीवर वाकलेली. डबा गार व्हायचा.

एकदा मी त्या कागदावर नजर टाकली. दादांच्या नावाच्या शेजारच्या फांदीवर, खाली, ठसठशीत अक्षरात 'कुमुद' लिहिलं होतं. दादांच्या नावाखाली काहीच नव्हतं.

"माझं नाव कुठं आहे?" मी विचारलं.

"लग्न झालेल्या मुली वंशावळीत घेत नाहीत, शैल. तू आता तिकडची."

"आणि ही?"

"ती वेळवंडे आहे."

कुमुदच म्हणाली, "दादा, असं कसं? शैलाताई पहिली. तिच्यामुळे तर तुम्ही वडील झाले नी." तिनं पेन्सिल घेतली आणि माझं नाव लिहिलं. ती जागा तिनं दिल्यामुळे मिळाली, म्हणून मला आणखीच राग आला. घरी येऊन मी यांच्यापाशी खूप रडले.

पुढे दोघं भोरकडच्या डोंगरात, वेळवंड गावी जाऊन आले. मी तेव्हा धारच्या एका शाळेत नोकरीला होते, मला रजा मिळाली नाही, आणि खरं तर कुणी आग्रहही केला नाही. तिकडे त्या आडनावाचं एकही घर सापडलं नाही. दादा हिरमुसले, तर हिनं म्हणे तिथल्या देवळाच्या पायरीवर बसून त्यांना सांगितलं, "अहो, गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कशाला लागेल? जे बाहेर निघाले तेच वेळवंडे झाले." ही गोष्ट दादांनी परतल्यावर येईल त्याला सांगितली. प्रत्येक वेळी डोळे लकाकायचे. मला वाटायचं, हे मला का सुचलं नसतं? मला नेलं असतं तर सुचलं असतं. त्याच वर्षी ते तिला बाग गावी घेऊन गेले आणि तिथल्या ठशांच्या छपाईची एक लाल-काळी साडी घेऊन दिली. माझ्यासाठी साडी निवडायला दादा कधी दुकानाची पायरी चढले नव्हते, पैसे हातात ठेवायचे आणि म्हणायचे, तुला आवडेल ती घे. कुमुदला ती साडी दिसायचीही फार छान.

दादा गेले ते शांतपणे, दुपारी, खुर्चीतच. स्मशानात गुरुजींनी विचारलं, "गोत्रातलं कुणी आहे का?" सगळ्यांचे डोळे कुमुदकडे वळले. ती माझ्यामागे उभी होती. "गुरुजी, पोटची पोरगी समोर उभी आहे," ती म्हणाली. "तिच्याच हातानं होईल." मडकं तिनं माझ्या खांद्यावर ठेवलं आणि मी प्रदक्षिणा घालीपर्यंत माझ्या पाठीला हात लावून चालत राहिली. एवढं सगळं नीट केलं तिनं. पण घरी आल्यावर सुतकाचा विषय निघाला. मी परगोत्रात गेलेली, मला तीन दिवस. कुमुदला दहा.

चौथ्या दिवशी मी न्हाले, सासूबाईंनी देवापाशी दिवा लावायला सांगितला, घरात फोडणी पडली. आणि दोन गल्ल्या सोडून माझ्या माहेरी ती जमिनीवर चटई टाकून, बिनतेलाचं खात, दादांसाठी बसली होती. मी रोज संध्याकाळी जाऊन तिच्यासमोर बसायचे. तिला अजून रडायची मुभा होती, आणि माझं आटोपलं होतं. तसं कुणी म्हणालं नाही, पण भेटायला येणारे लोक सांत्वन तिचं करत होते. एकदा मी न राहवून म्हटलं, "तुझं बरं आहे, कुमुद." तिनं सरकून चटईवर माझ्यासाठी जागा केली. मी बसले नाही.

नंतर आमचं फोनवर बोलणं व्हायचं. दिवाळीला, संक्रांतीला. ती मनापासून बोलायची, मी मोजकं.

देवासला पोचले तेव्हा गल्ली माणसांनी भरली होती. तिचे विद्यार्थी, त्यांच्या आया, भाजीवाला. कुणीतरी म्हणालं, "दीदी की बहन आ गई," आणि माणसांनी वाट करून दिली. तिला अग्नी मीच दिला. या वेळी गोत्र कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी पाटीदार भाभी मला कुमुदच्या घरी घेऊन गेल्या. दोनच खोल्या. पुढच्या खोलीत भिंतीवर एक फळा, आसपासची मुलं शिकायला यायची त्यांच्यासाठी. फळ्यावर खडूनं एकाखाली एक अक्षर लिहिलेलं होतं... ळ, ळ, ळ. वरचा तिचा, खालचे मुलांचे, वेडेवाकडे.

भाभींनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "आप वही हो ना, जिसने मास्टरजी को ये अक्षर सिखाया था?"

मला काही कळेना. मग त्यांनीच सांगितलं. मी पहिलीत असताना मास्तरांनी रजिस्टरात माझं नाव बेलवंडे लिहिलं. दादा दुरुस्त करायला शाळेत आले, तर मास्तर म्हणाले, असं अक्षरच नसतं. तेव्हा म्हणे मी खुर्चीवर चढले, खडू घेतला आणि फळ्यावर एवढा मोठा ळ काढून मास्तरांना म्हटलं, हे बघा, असतं. दादांनी मला तिथूनच खांद्यावर उचललं आणि भर बाजारातून तसंच घरी आणलं.

"दीदी हर बच्चे को ये कहानी सुनाती थीं," भाभी म्हणाल्या. "बोलती थीं, मेरी बहन ने किया था. दादाजी ने उनको बताया था. कहती थीं, दादाजी के पास आपकी बात के सिवा दूसरी बात ही नहीं थी."

मला यातलं काही आठवत नाही. दादांनी मला हे कधीच सांगितलं नाही. मी रोज समोर असायचे, डबा उघडायचे, औषध द्यायचे. मला माझ्याच गोष्टी कशाला सांगतील? त्या त्यांनी कुमुदला सांगितल्या. इतकी वर्षं बसून तिनं त्या ऐकल्या.

"और क्या बताती थीं?" मी विचारलं.

"बहुत कुछ. बैठो, चाय बनाती हूँ."

घरमालकानं सवड दिली आहे, म्हणून खोल्या अजून सोडलेल्या नाहीत. फळाही पुसलेला नाही. रविवारी मी सकाळच्या बसनं देवासला जाते, कुलूप काढते, झाडून घेते, आणि भाभी चहा घेऊन येतात. एकेका बैठकीत एखादी गोष्ट आठवते त्यांना. त्या ती मला कुमुदच्या आवाजात सांगायला बघतात, तिच्यासारखा हात हलवून. मी खाली बसून ऐकते. माझं लहानपण, माझे वडील... आणि दर वेळी मला कुमुदचा हेवा वाटतो.